दहा फुटांत बारा डबे

अंबरनाथच्या पोरांची पहिली आगगाडी आगपेट्यांची असायची, आणि त्याला कारण होते. विम्को कंपनीचा आगपेट्यांचा मोठा कारखाना याच गावात होता. तो केव्हाच बंद पडला, त्याचे नाव आता विम्को नाक्यापुरते उरले आहे. पण रिकाम्या पेट्या दोऱ्यात ओवून, शर्टाच्या बटणांची चाके लावून गल्लीतून गाडी ओढत नेणारी पिढी अजून मोरिवलीत आहे. त्या गाडीला रूळ नसत, वेळापत्रक नसे, आणि मापही नसे. जिला माप असते ती गाडी वेगळी. तिच्याविषयी, म्हणजे छोट्या प्रतिकृतींच्या आणि छोट्या रेल्वेच्या छंदाविषयी आपल्या समाजात फारसे कोणी लिहीत नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

उर्दूत आम्ही मुलांना नकाशा शिकवतो तेव्हा प्रमाणाला ‘पैमाना’ म्हणतो. (शायरीत पैमाना म्हणजे मद्याचा प्याला. वर्गात एखादा चलाख मुलगा हसतोच.) प्रतिकृतीचा सारा जीव या पैमान्यात असतो. जगात सर्वांत जास्त चालणारे प्रमाण ‘एच-ओ’, म्हणजे खऱ्या वस्तूचा सत्त्याऐंशीवा भाग. यात रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर येते. जर्मनीतल्या गोपिंगेन गावच्या मेर्कलिन कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत ठराविक मापांचे, एकमेकांना जोडता येणारे रूळ मांडले, आणि तेव्हापासून खेळण्यातली गाडी ही वाढवत नेता येणारी ‘रेल्वे’ झाली. इंग्लंडात फ्रँक हॉर्नबीने १९०१ साली मेकॅनोचे पेटंट घेतले आणि १९२० पासून गाड्या काढल्या. आपल्याकडे या गोष्टी साहेबांच्या आणि संस्थानिकांच्या घरी आल्या. आम्हांला त्या दिसल्या त्या दुकानाच्या काचेपलीकडून.

आता हिशेब पाहा. एच-ओचे १६.५ मिलिमीटर हे युरोपातल्या १४३५ मिलिमीटर रुंदीच्या रुळांचे माप आहे. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. त्याचा सत्त्याऐंशीवा भाग १९ मिलिमीटरहून थोडा जास्त होतो. म्हणजे बाजारातल्या तयार रुळांवर आपली लोकल ठेवली की ती अरुंद पायांच्या जाड्या माणसासारखी दिसते. मग एक तर रूळ स्वतः घडवा, किंवा डबा साधारण एकशे एकाव्या भागाचा करा, म्हणजे तेच रूळ ब्रॉडगेजचे होतात. हिंदुस्थानी रेल्वे करू पाहणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी हा निर्णय घ्यावा लागतो. परदेशी छंदिष्टाला असे काही असते याची कल्पनाही नसते.

आणि जागा! बारा डब्यांची लोकल एच-ओ प्रमाणात तीन मीटरला जरा कमी भरते. आमच्याकडच्या चाळीतली खोली दहा फुटांची, म्हणजे तीन मीटरला जरा जास्त. गाडी भिंतीलगत बरोबर मावते, पण मग ती जाणार कुठे? अंबरनाथ ते बदलापूर सुमारे आठ किलोमीटर. तेवढे अंतर या प्रमाणात घालायचे तर नव्वद मीटरांवर रूळ लागतील. म्हणून येथला छंदिष्ट चार डब्यांवर समाधान मानतो, आणि फलाटाचा एक तुकडा, तिकीटखिडकी, पुलाचा एक जिना एवढेच करतो. तेही एका फळीवर, जी रात्री पलंगाखाली जाते.

आम्ही असे तिघे-चौघे आहोत. एक आम्ही मास्तर, बाकीचे औद्योगिक वसाहतीत कामाला. आमचे सामान ऐकून जाणकार हसतील. लग्नपत्रिकांचा जाड कागद डब्याच्या भिंतीला, छत्रीच्या काड्या दांड्यांना, संपलेल्या रिफिलची नळी पाइपाला. जुन्या टेपरेकॉर्डरची मोटार उल्हासनगरच्या भंगारात मिळते, ट्रान्सफॉर्मर तिथेच गुंडाळून मिळतो. उल्हासनगरला काय मिळत नाही, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. बारा व्होल्टवर गाडी चालते. वीज रुळातून चाकांत आणि चाकांतून मोटारीत जाते, त्यामुळे रुळावर धुळीचा पातळ थर बसला तरी गाडी अडते. मग स्पिरिटचा बोळा घेऊन रूळ पुसत बसायचे. या छंदातला निम्मा वेळ पुसण्यात जातो. पावसाळ्यात प्लायवूड फुगते, कागदी डबे वाकतात, डाग दिलेले सांधे हिरवे पडतात. जून ते सप्टेंबर आमची रेल्वे बंद. खरी रेल्वेही या दिवसांत कुठे नेमाने चालते?

घरच्यांचे म्हणणे ठरलेले: बच्चों का खेल. यावर आम्ही वाद घालत नाही, पण एक गोष्ट सांगतो. हजरत आयेशा (रजि.) यांच्या खेळण्यांत पंख असलेला एक घोडा होता. घोड्याला पंख कसे, असे प्रेषितांनी (स.) विचारल्यावर त्यांनी हजरत सुलेमान (अ.) यांच्या पंखवाल्या घोड्यांचा दाखला दिला, आणि प्रेषित (स.) मनमोकळे हसले. अबू दाऊद यांच्या हदीस-संग्रहात हा प्रसंग आहे. त्यावरून फिकहचा निकाल काढण्याचा आमचा अधिकार नाही. आमच्यातला एक जण तर फलाटावर पाऊण इंचाची माणसे उभी करायला आजही तयार नाही. त्याचे फलाट पहाटे साडेतीनचे असते, एवढेच.

आणि प्रतिकृती हा प्रकार आपल्याला नवा तरी कुठे आहे? ताबूत म्हणजे इमाम हुसेन (रजि.) यांच्या रौजाचीच प्रतिकृती. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे गगनचुंबी ताबूत, त्यांच्या भेटी, त्यात हिंदू-मुस्लिम दोघांचा हात, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. ताबूत बसवावेत की नाही यावर आपल्यात मतभेद आहेत, तो वाद येथे नको. सांगायचे एवढेच की बांबू चिरून आणि कागद कातरून न पाहिलेली इमारत उभी करणारे हात आपल्या वस्त्यांत पिढ्यान् पिढ्या होते. तो हुन्नर मोहरमच्या दहा दिवसांपुरता राहिला. वर्षाच्या उरलेल्या दिवसांत त्याला कोणी काम दिले नाही.

श्रीमंतांच्या घरी मात्र प्रतिकृतीला मान होता. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या जयविलास राजवाड्यात जेवणाच्या मेजावर चांदीची आगगाडी फिरत असे. मद्याच्या सुरया आणि सिगार घेऊन ती पाहुण्यांपुढून जाई, आणि सुरई उचलली की थांबे. पैमान्याचे दोन्ही अर्थ एकाच रुळावर! ती अजून तेथे पाहायला मिळते. माधवराव शिंद्यांचा हा नाद मेजापुरता नव्हता. राजवाड्याच्या आवारातल्या छोट्या गाडीतूनच पुढे ग्वाल्हेर लाइट रेल्वे वाढली. तिचे रूळ दोन फुटी होते, म्हणजे ६१० मिलिमीटरचे.

दोन फुटी रूळ म्हटले की आम्हांला लांब जायला नको. बदलापूरनंतर वांगणी, शेलू आणि मग नेरळ. तेथून माथेरानला जाणारी गाडी याच मापाची आहे. पाठ्यपुस्तकापासून पर्यटकांपर्यंत सगळे तिला ‘टॉय ट्रेन’ म्हणतात. आमची तक्रार आहे ती येथे. खेळण्यातली गाडी असे म्हटले की ती कोणी बांधली हा प्रश्न कोणाला सुचत नाही.

ती बांधली अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी. वडील सर आदमजी पीरभॉय हे मुंबईचे दाऊदी बोहरा व्यापारी, १८९७ साली मुंबईचे शेरीफ. मुस्लिम लीगच्या कराचीतल्या १९०७ च्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते, हे इतिहासाच्या पुस्तकांत सापडते. त्याच वर्षी त्यांच्या पैशातून आणि मुलाच्या जिद्दीतून एक रेल्वे पुरी झाली, हे मात्र त्याच पानावर सापडत नाही. १९०४ मध्ये काम सुरू झाले, २२ मार्च १९०७ रोजी मार्ग खुला झाला. खर्च सोळा लाख रुपये. सल्लागार अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप, ज्याने १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुरू करून अरुंद रुळांवर किती ओझे नेता येते ते दाखवले होते.

या मार्गाची खरी करामत चाकांत आहे. एकवीस किलोमीटरांत गाडीला साडेसातशे मीटरांवर चढायचे, चढ काही ठिकाणी वीसास एक, आणि डोंगराच्या कडेने इतकी अरुंद वळणे की सरळ आसांचे इंजिन त्यांत अडकून बसावे. जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीने दिलेल्या चार इंजिनांत पुढच्या आणि मागच्या आसांना बाजूला सरकण्याची मुभा ठेवलेली होती. इंजिन वळणात अंग मुरडत असे. फळीवर रेल्वे करणारा माणूस हे वाचून चमकतो, कारण त्याची रोजची अडचण हीच. खोली लहान, म्हणून वळण अरुंद; वळण अरुंद, म्हणून लांब इंजिन रुळावरून उतरते; मग चाकांच्या आसांना थोडी सैल जागा द्यायची. आम्ही जे कानशीने घासून साधतो ते पीरभॉयांच्या इंजिनांत डोंगराच्या मापाने केलेले होते. १९८२ पर्यंत वाफेची इंजिने या मार्गावर होती. त्यांतले एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभे आहे.

माथेरानची गाडी आम्ही करायला घेतली तेव्हा पहिला हिशेब असा निघाला: सगळा मार्ग एच-ओ प्रमाणात घातला तर दोनशे चाळीस मीटर लांब, आणि माथेरान स्टेशन नेरळपेक्षा पावणेनऊ मीटर उंच, म्हणजे जवळजवळ तीन मजल्यांवर. अर्थात आम्ही केले ते एक वळण आणि एक बोगदा. वीसास एक चढ फळीवर घातला की दर मीटरला पाच सेंटिमीटर उंची येते, आणि आमचे टेपरेकॉर्डरच्या मोटारीचे इंजिन जागच्या जागी चाके फिरवत राहते. पोटात शिशाचा तुकडा भरला तेव्हा कोठे दोन डबे वर गेले. त्या दिवशी शाळेतली आठवीची मुले बघायला आली होती. एकाने विचारले, सर, पीरभॉय ये अपने थे? ‘अपने’ या शब्दावर आम्ही थोडा वेळ अडखळलो. मग सांगितले की मुंबईचे होते.

खरी गाडीही अडखळत चालली आहे. २००५ च्या जुलैमधल्या पुराने मार्ग उखडला, तो २००७ मध्ये सुरू झाला. २०१६ मध्ये डबे घसरल्यावर पुन्हा बंद, मग सुरू, मग २०१९ च्या पावसात पुन्हा खंडित. ऑक्टोबर २०२२ मध्ये नेरळपासून माथेरानपर्यंत ती पुन्हा धावू लागली.

या छंदाचे महाराष्ट्रातले मोठे घर पुण्यात आहे. कर्वे रस्त्यालगत भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी सुरू झाले. जोशींनी आधी हलवता येईल अशी रेल्वे करून प्रदर्शने भरवली. प्रत्येक वेळी जुळवायचे, मोडायचे, गाडीत घालायचे. त्या त्रासातून कायमच्या जागेची कल्पना निघाली. तेथे एक अख्खे छोटे शहर आहे. त्यात सिग्नल, उड्डाणपूल, रोपवे, सर्कस, आणि निरनिराळ्या जातींच्या गाड्या आपापल्या मार्गांवर धावतात. दिवे मालवले की शहरात रात्र होते आणि खिडक्या उजळतात. आमच्या मुलांना ती रात्र फार आवडते. आम्हांला आवडतो तो जोशींचा हट्ट: घरचा धंदा सांभाळून, वर्षानुवर्षे, मोठ्या माणसाने उघडपणे खेळत राहण्याचा. ते शहर मात्र बरेचसे युरोपी वळणाचे आहे. तयार सामान तिकडचे, तेव्हा शहरही तिकडचे होणार.

म्हणून येथली वस्तू येथल्या मापाने करणे राहून जाते, आणि माप घ्यायचे तर ती वस्तू असेपर्यंतच. अंबरनाथला हे एकदा घडले आहे. १०६० सालचे शिलाहारांचे शिवमंदिर मोजायला १८६८ मध्ये मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेची माणसे आली. त्यांनी नकाशे काढले, शिल्पांचे साचे घेतले. त्यानंतर या गावात इतक्या काळजीने काय मोजले गेले? विम्कोचा कारखाना मोजला नाही. मुंबईच्या उपनगरी मार्गावर ३ फेब्रुवारी १९२५ रोजी दीड हजार व्होल्टची विजेची गाडी सुरू झाली आणि एप्रिल २०१६ मध्ये तशी शेवटची गाडी हार्बर मार्गावर धावली. आमचे अर्धे आयुष्य त्या डब्यांच्या दारांत लटकून गेले. आता आमच्यातला एक जण तो डबा करतो आहे. लांबी-रुंदी मिळाली, दारांची जागा छायाचित्रांवरून काढली. त्याचे काम अडले आहे ते खिडकीच्या आडव्या गजांवर. दोन गजांमध्ये अंतर किती होते? त्याने आपला हात समोर धरला, कोपर बाहेर काढून बसायची सवय आठवून पाहिली, आणि पट्टी घेऊन कोपराची जाडी मोजली.