चार डोळ्यांचा

गेली दोन वर्षं आमच्या घरी एक आंधळा कुत्रा आहे. वेल्ह्यात, तोरण्याच्या पायथ्याशी, भर पावसात कुडकुडत पडला होता. भोरला घेऊन आलो. डॉक्टर म्हणाले, नजर परत यायची नाही. शेजारी म्हणाले, "गुरुजी, या वयात कशाला ही ब्याद?"

त्याच्या दोन्ही डोळ्यांवर एकेक तांबूस ठिपका आहे. असा कुत्रा म्हणजे जुन्या लोकांचा 'चार डोळ्यांचा'. ऋग्वेदात यमाच्या वाटेवर राखण करणारे सरमेचे दोन पुत्र असेच. पारशांमध्ये मृतदेहावर कुत्र्याची नजर पाडण्याचा 'सगदीद' नावाचा विधी आहे. त्यासाठीही चार डोळ्यांचाच उत्तम. जून १८३२ मध्ये मुंबईत इंग्रज सरकार बक्षीस देऊन मोकाट कुत्री मारू लागलं, तेव्हा पारशी रस्त्यावर उतरले. दुकानं बंद झाली, दंगल पेटली.

सातारच्या शाहू महाराजांनी तर वाघापासून जीव वाचवणाऱ्या आपल्या कुत्र्याला पालखीचा मान दिला, असं ग्रँट डफने लिहून ठेवलंय. संगम माहुलीला त्या कुत्र्याची समाधी दाखवतात.

पण एक गोष्ट पाहा. हे सगळे कुत्रे कामाचे. कुणी राखण केली, कुणी जीव वाचवला. बिनकामाच्या कुत्र्याचं काय?

नोकरीत असताना एका गावात भाकरीतून विष घालून कुत्री मारलेली मी पाहिली. मुलं रडू लागली. मी वर्गाच्या खिडक्या लावून घेतल्या आणि धडा पुढे चालू केला. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० सालीच झाला होता. मी तो शिकवला नाही. पुढे २००१ च्या नियमांनी मोकाट कुत्र्यांना न मारता नसबंदी आणि लस देऊन परत जागेवर सोडायचं ठरवलं. त्यात कुत्रा उपयोगाचा आहे का, हे विचारलेलं नाही. ते मला फार आवडलं.

असो. आता आमच्या सौ.चं फर्मान आहे, घरातली खाट जागची हलवायची नाही. पहिले आठ दिवस तो धडपडला. मग नाकाने आणि मिशांनी सगळं घर पाठ केलं. संध्याकाळी माझ्या चपलांचा आवाज ओळखून उंबऱ्यापर्यंत येतो आणि बरोबर तिथेच थांबतो.

त्या खिडक्या मात्र अजून आठवतात.