मराठी साहित्यातील वेगळे दालन

वाङ्मयेतिहासकार ‘क्रिस्तपुराणा’ची दखल घेतात, परंतु बहुधा ‘ख्रिस्ती वाङ्मय’ या वेगळ्या दालनात. ते आम्हांस खटकते. १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या येशूसंघीय इंग्रज धर्मगुरूंची ही सुमारे ११,००० ओव्यांची रचना १६१६ मध्ये रायतूर येथे छापली गेली. स्वर्गास त्यांनी ‘वैकुंठ’ म्हटले. (आजच्या किती धर्मोपदेशकांना हे धाडस झेपेल?) लिपी मात्र रोमन. शांताराम बंडेलू यांनी संपादिलेली देवनागरी आवृत्ती निघाली ती १९५६ साली. मग ग्रंथ मराठी ठरतो कशाने? लेखकाच्या जन्माने, धर्माने, की भाषेने? आम्ही भाषेने म्हणतो. तरीही २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली, तेव्हा विरोधकांनी त्यांची पुस्तके नव्हे, झगा पाहिला.