घरातील अंथरुण आणि सरकारी परवाना

आपल्या देशात अफूची कायदेशीर लागवड मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या तीन राज्यांत केंद्र सरकारच्या देखरेखीखाली होते. नीमच व गाझीपूर येथील सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते. या अफूपासून मिळणारे मॉर्फिन जगभरातील रुग्णांच्या वेदना शमवीत असताना आपल्याच देशातील कर्करुग्ण मात्र त्यावाचून तळमळत मरत होते. पुरवठा मुबलक, गरज उघड, आणि तरीही बाजार ठप्प! अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला कोड्यात टाकणारी ही स्थिती आपल्या प्रशासनाने स्वतःच्या हाताने निर्माण केली होती.

1985 साली अंमली पदार्थविरोधी कायदा (एनडीपीएस) संमत झाला. उद्देश रास्तच होता. परंतु किमान दहा वर्षांच्या सक्तमजुरीची तरतूद आणि राज्याराज्यांचे वेगवेगळे नियम यांचा परिणाम असा झाला की, मॉर्फिन ठेवू इच्छिणाऱ्या रुग्णालयास बाळगण्याचा, आणण्याचा, वाहतुकीचा असे चार-पाच परवाने निरनिराळ्या खात्यांकडून मिळवावे लागत. शेवटचा परवाना हाती येईपर्यंत पहिल्याची मुदत संपलेली असे. औषधविक्रेत्यांनी शहाणपणाने हात काढून घेतला. 1985 ते 1997 या काळात देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर सुमारे 97 टक्क्यांनी घसरून वर्षाला अवघ्या 18 किलोग्रॅमवर आला. जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनांवरील आपली उपचारपद्धती 1986 मध्ये प्रसिद्ध केली आणि तोंडावाटे द्यावयाच्या मॉर्फिनला तीत मध्यवर्ती स्थान दिले, हा योगायोग मोठा विचित्र म्हटला पाहिजे. त्याच वर्षी मुंबईत वांद्रे येथे डॉ. लुईस डिसूझा यांनी ‘शांती अवेदना सदन’ हे देशातील पहिले हॉस्पिस उभारले.

पण हॉस्पिस म्हटले की इमारत आली, खाटा आल्या, आणि खाटा नेहमीच मोजक्या असतात. खरी वाट निघाली ती केरळात. 1993 मध्ये कोळिकोड येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेशकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदना व परिहार सेवा संस्था सुरू केली. मॉर्फिनच्या गोळ्या ते रुग्णाच्या घरी देत. घरात गेलेले मॉर्फिन बाजारात पोहोचेल, ही सरकारी भीती. या संस्थेने दोन वर्षांत 1,723 रुग्णांना अशा रीतीने मॉर्फिन दिले आणि गैरवापराचे एकही प्रकरण आढळले नाही. ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात 2001 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. 1998 मध्ये केंद्रीय महसूल विभागाने राज्यांना नियम सोपे करण्याविषयी लिहिले होते, पण राज्ये आपापल्या गतीने चालली. अखेर 2014 च्या दुरुस्तीने आवश्यक औषधांचे नियम देशभर एकसारखे झाले. कायदा बिघडवायला एक अधिवेशन पुरले, दुरुस्त व्हायला एकोणतीस वर्षे लागली.

दरम्यान कोळिकोडच्या मंडळींना दुसरी अडचण कळून चुकली होती. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुटुंब एकदा, फार तर दोनदा जीप करून शहरात आणू शकते. नंतर ते येणे बंद होते. म्हणून 1999 च्या सुमारास मलप्पुरम व आसपासच्या जिल्ह्यांत शेजारीपाजारी स्वयंसेवकांचे जाळे विणले गेले. परिचारिका जखमा धुवायची, नळी बदलायची, आणि ते काम घरच्यांना शिकवायची. स्वयंसेवक घरात तांदूळ आहे का, मुलांची शाळा सुटली तर नाही ना, हे पाहत. कमावता माणूस आजारी आणि दुसरा त्याच्या उशाशी, म्हणजे दोन मिळकती गेल्या, हा हिशेब रुग्णालयाच्या बिलात कधीच दिसत नाही. 1996 च्या लोकनियोजन मोहिमेमुळे पंचायतींकडे निधी व अधिकार आलेले होते. 2008 मध्ये केरळ सरकारने धोरण जाहीर केले आणि घरपोच सेवेचा भार स्थानिक संस्थांनी उचलला. केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रम 2012 चा. इतरत्र त्याची प्रगती मंदच राहिली.

ती मंद का, याचे थोडे उत्तर मजजवळ आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका घरपोच सेवेच्या प्रस्तावावर ‘बरे होणाऱ्या रुग्णांची अपेक्षित संख्या नमूद नाही’ असा शेरा मारून मी तो परत पाठविला होता. शेरा नियमाला धरून होता. प्रस्ताव पुन्हा आला नाही.

पुढे माझ्या थोरल्या बहिणीला असाध्य कर्करोग झाला, तेव्हा तिच्या गावाजवळच्या एका लहानशा केंद्राची परिचारिका आठवड्यातून दोनदा घरी येत असे. ताई तीन महिने आपल्या खोलीत, खिडकीशी होती. वेदना आटोक्यात होत्या, शेवटच्या आठवड्यापर्यंत ती स्वयंपाकघरातल्या चुका तिथूनच काढीत होती. भावोजी रात्री घड्याळ लावून दर चार तासांनी गोळी देत व वहीत टिपून ठेवीत. ती गेल्यावर उरलेल्या सतरा गोळ्या त्यांनी मोजून, कागदात बांधून केंद्रावर परत नेल्या. परिचारिकेने त्यांना बसवून घेतले, आणि गोळ्यांची नोंद करण्याआधी विचारले, “सकाळपासून काही खाल्लंत का?”