उपासाच्या खिचडीचं गाव कुठलं?

आमच्या घरी उपासाला हळद चालत नाही, बटाटा चालतो. लहानपणापासून हे इतकं अंगवळणी पडलं आहे की त्यात काही विचित्र आहे हे बरीच वर्षं जाणवलंच नाही. हळद याच उपखंडातली. लग्नापासून जखमेपर्यंत ती सगळीकडे लागते. बटाटा मात्र दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला, आपल्याकडे येऊन त्याला फार तर चारशे वर्षं झाली असतील. तरीही एकादशीला पवित्र कोण, तर बटाटा.

यामागचं कारण मला वाटतं ते असं. उपासाला वर्ज्य काय, याच्या याद्या जुन्या आहेत. तांदूळ, गहू, डाळी ही रोजच्या जेवणातली धान्यं त्यांत आली. सोळाव्या शतकानंतर पोर्तुगीज जहाजांतून जे उतरलं, त्याचं नाव त्या याद्यांत असणार कसं? ज्याला कुणी मनाई केलेली नाही ते चालतं, एवढा साधा हिशेब. त्यातून बटाटा पडला कंद आणि कंदमुळं तर ऋषिमुनींचा आहार. म्हणजे परकेपणा आड आला नाही, उलट त्यामुळेच दार उघडलं. (जिरं आणि कोथिंबीर चालते की नाही, यावर दोन घरांचं अजून एकमत झालेलं नाही. त्या भांडणात मी पडत नाही.)

पण खिचडीचा जीव साबुदाण्यात, आणि त्याची गोष्ट सगळ्यांत लांबची आहे. मूळचा साबुदाणा आग्नेय आशियातल्या सागो नावाच्या ताडवर्गीय झाडाच्या खोडातून काढत. मलाय भाषेत त्याला 'सागू' म्हणतात, आपला 'साबू' त्याच घरचा. एकोणिसाव्या शतकात सिंगापूर हे मोत्यांसारखा गोल साबुदाणा बनवण्याचं मोठं केंद्र होतं. आज आपण खातो तो मात्र त्या झाडाचा नाही. तो कसावा म्हणजे टॅपिओका या कंदाच्या पिठाचा आहे आणि कसावा ब्राझीलकडचा. पोर्तुगीजांनी तो मलबार किनाऱ्यावर आणला. १८८० ते १८८५ या काळात त्रावणकोरच्या गादीवर असलेल्या विशाखम तिरुनाळ महाराजांनी त्याची लागवड नेटानं वाढवली.

मग दुसरं महायुद्ध आलं. फेब्रुवारी १९४२मध्ये सिंगापूर जपानच्या हाती पडलं आणि तिकडून येणारा साबुदाणा थांबला. तेव्हा तमिळनाडूतल्या सेलममध्ये एका व्यापाऱ्यानं, पेनांगहून परतलेल्या आणि हे तंत्र ठाऊक असलेल्या एका गुजराती गृहस्थांच्या मदतीनं, टॅपिओकापासून साबुदाणा करून पाहिला. कंद धुऊन, सोलून वाटायचे, सत्त्व पाण्यात खाली बसू द्यायचं, ओलसर पीठ कापडात हेलकावून त्याच्या गोळ्या वळवायच्या, त्या भाजून किंवा वाफवून अंगणात वाळवायच्या. बघता बघता सेलमभोवती कारखाने उभे राहिले. १९८१ साली तिथे 'सागोसर्व्ह' ही उत्पादकांची सहकारी संस्था निघाली. तमिळ माणूस हा साबुदाणा फार तर पायसमात घालतो. खिचडी त्याच्या गावीही नाही. त्याचं मोठं गिऱ्हाईक आपण, आपल्या एकादश्या, चतुर्थ्या आणि नवरात्रं.

हा व्यवहार किती नाजूक आहे ते अलीकडे दिसलं. २०२०मध्ये कसाव्यावरचा पिठ्या ढेकूण, कापसासारखी पांढरी कीड, केरळात सापडला. तोही मूळचा दक्षिण अमेरिकेतलाच, पण इथे त्याला खाणारं कुणी नव्हतं. सेलम आणि नामक्कलमधली शेतं त्यानं पार खुरटवून टाकली. उपाय शोधावा लागला पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन देशात. तिथल्या संशोधन संस्थेतून २०२१मध्ये बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी एक इवलासा कीटक आणला. हा गांधीलमाशीचा दूरचा नातलग, ढेकणाच्या अंगात अंडी घालून त्याला संपवतो. तोही बेनिनचा नव्हे. १९८१मध्ये तो पॅराग्वेत सापडला आणि आफ्रिकेचा कसावा वाचवायला तिकडे नेला होता. मार्च २०२२मध्ये तो सेलम जिल्ह्यात सोडला. पंढरीच्या वाटेवरच्या खिचडीची राखण आता पॅराग्वेचा कीटक करतो.

बाकीचे जिन्नस थोडक्यात. शेंगदाणाही दक्षिण अमेरिकेचा, पण आपण त्याच्या रोपाला 'भुईमूग' म्हटलं आणि तो मुगाचा चुलतभाऊ झाला. मिरचीही अमेरिकेची. तिला मिऱ्याच्या घराण्यातलं नाव मिळालं आणि तिचाही परकेपणा पुसला गेला. बटाट्याचं मात्र पोर्तुगीज नाव तसंच राहिलं. मूळ कॅरिबियन बेटांवरचा हा शब्द खरं तर रताळ्याचा होता.

उरलं मीठ. कडक उपासाला समुद्राचं मीठ चालत नाही, सैंधव लागतं. आपल्याला सातशे किलोमीटरांचा किनारा आहे आणि आपण मीठ आणतो डोंगरातून, तेही बरंचसं पाकिस्तानातल्या खेवड्याच्या खाणीतून आलेलं. सैंधव म्हणजे सिंधूकडचं, नावातच पत्ता आहे. पुलवामानंतर फेब्रुवारी २०१९मध्ये पाकिस्तानी मालावर २०० टक्के आयातशुल्क लागलं आणि मे २०२५मध्ये आयातच बंद झाली.

त्याच महिन्यात आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका भावानं फतवा काढला, घरात परदेशी काही नको. मी त्याला खिचडीचे जिन्नस एकेक करून लिहून पाठवले. साबुदाणा, दाणे, मिरची, बटाटा गेले की कढईत राहतं तूप. तो चिडला, म्हणाला, हे आपलंच आहे, चारशे वर्षांचं. मला त्याचं म्हणणं मान्य आहे. चारशे वर्षं रांधलं की पदार्थ आपला होतोच. माझा आक्षेप एवढाच की मग ही मुदत मोजायची कुणी, आणि आज दारात आलेल्याला ती का नाही.

आत्यानं यातलं काही वाचलं नाही. तिच्या डब्यातलं सैंधव संपत आलं होतं. आषाढीच्या आदल्या दिवशी तिनं वाण्याला विचारलं, हे कुठलं? तो म्हणाला, ताई, पाकिटावर तर भारतच लिहिलंय. तिनं पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि परत ठेवलं. दुसऱ्या दिवशी खिचडीत मीठच नव्हतं. आम्ही दही घेऊन ती खाल्ली.