दोन राजे आणि एक लाख

1952 सालात उतरलात की नकाशावर सांगली जिल्हा शोधत बसू नका. सांगली शहर आहे, कृष्णेकाठचा गणपती आहे, हळदीचा बाजार आहे. पण सरकारी कागदावर जिल्ह्याचं नाव 'दक्षिण सातारा' आहे. संस्थानं विलीन झाली, 1949 च्या ऑगस्टमध्ये हा नवा जिल्हा झाला आणि 'सांगली' हे नाव त्याला 1960 साली मिळणार आहे. तुमच्या कामाला हे सोयीचंच आहे, कारण ज्या तिघांच्या मागं तुम्हाला जायचंय ते उत्तर आणि दक्षिण या दोन साताऱ्यांमधलेच: एक खटाव तालुक्यातला, एक मिरजेचा, एक आटपाडीकडचा. तिघांनी मिळून यंदा एक सिनेमा केलाय आणि तो बघून महाराष्ट्र पोट धरधरून हसतोय.

आधी थोडं मागं चला. मार्च 1925, सिद्धेश्वर कुरोली. उन्हं तापलेली आहेत. येरळेच्या पात्रात वाळू जास्त आणि पाणी कमी. बायका झरा उकरून वाटीवाटीनं घागर भरताहेत. हीच येरळा खटावातून निघून खाली जाते आणि ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. वर दुष्काळी माळ, खाली मळीची जमीन. या गावात 28 मार्चला राजाराम शंकर गोसावी जन्माला आलाय. पाऊस चुकला की माणसांनी मुंबई गाठायची, हा इथला रिवाज. पैसा म्हणजे काय हे इथल्या पोराला शाळेत शिकवावं लागत नाही.

त्याच सुमारास मिरजेत एक पंधरा वर्षांचा मुलगा आहे, राजा परांजपे. मिरज पटवर्धनांची, पण कानाला ती वेगळीच लागते. सतारमेकरांच्या गल्लीतून जाताना भोपळे सुकत घातलेले दिसतात, आत कुणीतरी तार पिळून पुन्हा पुन्हा छेडतोय. अब्दुल करीम खाँसाहेब याच गावात राहतात. बालगंधर्व 1905 साली शकुंतला होऊन पहिल्यांदा उभे राहिले ते इथंच. अशा गावातला हा मुलगा पुढं मूकपटांना साथ करायला ऑर्गनवर बसेल. त्याच्या शेजारी जरा उभे राहा. वर पडद्यावर माणूस घसरून पडतोय आणि याचा हात सुरावर कधी पडतो यावर पब्लिक हसणार की नाही हे ठरतंय. अर्धा क्षण आधी पडला तर हशा गेला, उशीर झाला तरी गेला. माझं ठाम मत आहे की दिग्दर्शक राजा परांजपे तिथं त्या पेटीवर तयार झाले. त्यांच्या सिनेमातला विनोद इतका बिनचूक कसा येतो, याचं उत्तर त्यांच्या हातांत आहे.

आता रहिमतपूर स्टेशनावर मीटरगेज पकडा. गाडी दमानं चालते. कराड, ताकारी, किर्लोस्करवाडी मागं टाकत ती मिरजेला येते. तिथून कोल्हापूर काही लांब नाही. मराठी बोलपट त्या काळी बराचसा तिथं घडतो, आणि तिथल्याच दिग्दर्शक मास्टर विनायकांच्या पंखाखाली ही माणसं एकेक करून येतात. शेटफळ्याचा गजानन माडगूळकर 'ब्रह्मचारी'त चिमुकलं काम करून गेला. लहानपण सांगलीत काढलेली दीनानाथांची थोरली मुलगी, लता, विनायकरावांच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये नोकरीला लागली. आणि कुरोलीचा राजा? तो विनायकरावांच्या घरी पडेल ते काम करतोय. मग कंपनीत ऑफिसबॉय. मग सुतारखात्यात. मग मेकअप खात्यात. मग गर्दीतला एक्स्ट्रा.

इथं घाई करू नका, हे बघण्यासारखं आहे. सुतारखात्यात नुसती पुढची बाजू रंगवलेल्या भिंती उभ्या राहतात. मागं फळ्या, खिळे, टेकू. राजानं बंगल्याची मागची बाजू आधी पाहिली आणि पुढची नंतर. मेकअपच्या खोलीत त्यानं पाहिलं की नायक खुर्चीत बसताना काय असतो आणि उठताना काय होतो. पुढच्या काळात त्याच्या कामात जो मोकळेपणा दिसतो, कॅमेऱ्याची जराही भीती नाही की भक्ती नाही, तो या खात्यांमधून आलाय. त्याच वेळी अमेरिकेत डॅनी के हा विनोदी नट गोल्डविनसारख्या बड्या निर्मात्याच्या छत्राखाली चित्रपटांमागून चित्रपट करतोय. त्याला बघताना मला राजा गोसावी आठवतात: तेच हलकं अंग, तीच निरागस तारांबळ. फरक एवढाच की यांच्या डोक्यावरचं छत्र 1947 च्या ऑगस्टमध्ये विनायकरावांबरोबर गेलं.

मग दामुअण्णा मालवणकरांनी हात धरला. दामुअण्णा बलवंत संगीत मंडळीत वाढलेले, चकण्या डोळ्यानं नुसतं बघितलं तरी थिएटर हसवणारे. राजाला नाटकाच्या विंगेत जागा मिळाली. विंगेतून हशा उलटा ऐकू येतो, प्रेक्षकांकडून नटाकडे येणारा. किती वेळ थांबायचं, कुठल्या शब्दावर आवाज खाली आणायचा, हे तिथं फुकटात शिकता येतं. शिकणारा मात्र तसा लागतो.

आणि आता पुणे, 1952. भानुविलास थिएटरसमोर रांग आहे, तुम्हीही लागा. पुढं जाळीची खिडकी, तिच्यात हात जाईल एवढं भोक. आत बुकिंग क्लार्क बसलाय. डाव्या हातानं तो आण्यांची नाणी लाकडावर सरकवत मोजतो, उजव्या हातानं रंगीत तिकिटांच्या पुस्तकातून टर्रकन तिकीट फाडतो, पेन्सिलीनं प्लॅनवर फुली मारतो. 'किती?' एवढंच विचारतो. तुमचं लक्ष नाही, तुम्ही सुट्टे शोधताय. तिकीट घेऊन आत जाता, दिवे जातात, आणि पडद्यावर नायक येतो. तोच. खिडकीतला. ज्या सिनेमाचा नायक, त्याच सिनेमाची तिकिटं विकणारा. हा किस्सा पुढं लोक हसत हसत सांगतील. मला मात्र तिथं बसलेल्या त्या माणसाचा अभिमान वाटतो. सिनेमा चालला तर ठीक, नाही चालला तर महिन्याचा पगार आहे. खटावचा माणूस हातातलं काम असं सोडत नाही.

सिनेमाचं नाव 'लाखाची गोष्ट'. दिग्दर्शन राजा परांजपे यांचं, लेखन गदिमांचं, म्हणजे त्याच शेटफळ्याच्या माडगूळकरांचं, संगीत सुधीर फडक्यांचं. पडद्यावर दोन्ही राजे एकत्र: बेचाळिशीतला मिरजेचा आणि सत्ताविशीतला कुरोलीचा. गोष्ट अशी की दोन फाटक्या मित्रांवर अट येते, एक लाख रुपये एका महिन्यात उडवून दाखवा. आणि ते काही उडत नाहीत. ज्या सालात सोनं तोळ्याला शंभराच्या आत मिळतं, त्या सालातला लाख म्हणजे हजार तोळ्यांहून जास्त सोनं. श्रीमंतीवरची ही मराठीतली सर्वांत खेळकर गोष्ट, आणि ती रचणारा माणूस माणदेशाचा, जिथं भाकरीचा तुकडासुद्धा मोजून मोडतात. मला यात अजिबात योगायोग वाटत नाही. ज्यानं पैसा नुसता लांबून पाहिलाय, त्यालाच त्याची इतकी बारीक चेष्टा करता येते. राजा गोसावींच्या चेहऱ्यावरची ती गडबड बघा: हातात नोटा आहेत आणि त्यांचं काय करायचं ते कळत नाही. ते सोंग वाटत नाही.

पुढची वर्षं तुम्हाला भरभर चाळता येतील. त्याच साली 'पेडगावचे शहाणे'. 1954 ला 'ऊन-पाऊस', ज्यात राजा परांजपे म्हाताऱ्या मास्तरांच्या कामात आहेत आणि मुलांनी आईबापांची वाटणी केलीय. हसवणाऱ्या माणसानं रडवलं की ते जास्त आत जातं. 1960 चा 'जगाच्या पाठीवर', चॅप्लिनच्या 'सिटी लाइट्स'शी नातं सांगणारा, त्यात अभिनेत्री सीमाबाई आंधळ्या मुलीच्या कामात. 1964 चा 'पाठलाग', ज्यावरून हिंदीत 'मेरा साया' होईल. राजा गोसावींकडेही रीघ लागलीय: 'गंगेत घोडं न्हालं', 'गाठ पडली ठका ठका', 'अवघाची संसार', 'बाप माझा ब्रह्मचारी'. सिनेमा कमी झाला तसे ते नाटकाच्या गाडीत जाऊन बसले. 'एकच प्याला'तला तळीराम त्यांनी गावोगावी नेला, 'करायला गेलो एक'नं थिएटरं भरवली. 1995 साली बारामतीच्या नाट्यसंमेलनाचे ते अध्यक्ष झाले. परांजपे 1979 ला गेले, गोसावी 1998 ला.

पण तुम्हाला मला दाखवायचीय ती रात्र या यादीत नाही. 1953 च्या हिवाळ्यात या. खटाव तालुक्यातली जत्रा. 52 सालच्या दुष्काळानं माळ अजून खरवडलेला दिसतोय, तरी माणूस जत्रेला आलाच आहे. गुडीशेव, घोंगड्या, बैलांचा बाजार, आणि कडेला तंबू. दुपारभर टांग्यातून भोंगा ओरडत फिरला: आज रात्री लाखाची गोष्ट! डिझेलचं जनित्र धडधडतंय. चार आणे द्या, आत जा, धोतर सावरून मातीवर बसा. बायका एका अंगाला, पुरुष दुसऱ्या. प्रोजेक्टर एकच, म्हणून एक रीळ संपलं की अंधार, आणि दुसरं चढेपर्यंत बोलायला मोकळीक.

पहिलं रीळ संपलं. पडद्यावर राजा गोसावी दिसला तेव्हा कुणीतरी ओरडलं होतं, 'आरं, हा आपल्या कुरोलीचा!' ते अजून चालूच आहे. तुमच्या पुढं बसलेला म्हातारा वळतो.

'लाख म्हंजी किती रं?'

'शंभर हजार, आबा.'

'आन् म्हैना पुरंना ह्यास्नी?' आबांना हे काही पटत नाही. 'मला द्या म्हणावं. पयली हीर खोल करायची. तिच्यावर कूपरचं इंजिन. किर्लोस्करचा नांगर. बैलजोडी.'

'लई तर पाच-धा हजार झालं, आबा. ऱ्हायलं की.'

'पोरीचं लगीन.'

'धरा दोन.'

'देवळाचा कळस. शाळंला पत्रा.' आबा बोटं मोजतात, थांबतात, पुन्हा पहिल्यापासून धरतात. आता शेजारची चार माणसंही त्यात पडलीत. कुणी म्हणतो आख्ख्या गावाच्या हिरींवर इंजिनं बसवा, कुणी म्हणतो येरळेला बांध घाला की हो, लाखच काय, दोन लाख जातील. बायकांच्या बाजूनं आवाज येतो की सोनं कोण घेणार मग. हशा पिकतो. आबा हट्टाला पेटलेत, त्यांचे अजून साठ हजार उरलेत, आणि ऑपरेटर मागून ओरडतोय, 'चला, चला, दुसरं रीळ सुरू, बसून घ्या!' पण आख्खा तंबू हिशेबात गुंतलाय आणि खाली बसायला कुणी तयार नाही.