नगर पुढे, पाणी मागे : इंदूरच्या विस्ताराची हकिकत

इंदूर हे नाव इंद्रेश्वर महादेवाच्या देवालयावरून पडले, असे जुने लोक सांगत आले आहेत. खान आणि सरस्वती या दोन लहान नद्यांच्या संगमाभोवती वसलेल्या या गावाला १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांच्या राजधानीचा मान मिळाला. नदीपलीकडे इंग्रजांची रेसिडेन्सी बसली. पुढे अफूचा आणि कापसाचा व्यापार वाढला, रेल्वे आली, कापडाच्या गिरण्या उभ्या राहिल्या. गाव वाढले ते असे धंद्याच्या ओढीने. वाढलेल्या वस्तीला पाणी कोठून मिळणार आणि तिचे सांडपाणी कोठे जाणार, हा विचार मात्र नेहमी मागाहून झाला. त्या मागाहून झालेल्या विचाराचा इतिहास आम्ही येथे सांगणार आहो. कारण त्यात देवालयांचा आणि देवालयांवर जीव लावणाऱ्यांचाही संबंध येतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी इंदुरात प्लेगची साथ पुनःपुन्हा येई. अशा काळात तिसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या दरबाराने पॅट्रिक गेड्स या स्कॉटिश पंडितास पाचारण केले. हे गृहस्थ मूळचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. १९१४ साली मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून ते नगररचनेचे प्रदर्शन घेऊन हिंदुस्थानात यावयास निघाले, तो प्रदर्शनाचे सामान भरलेले जहाज ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने बुडविले. तरी ते आले, मित्रांकरवी नवे प्रदर्शन जुळविले, आणि गावोगाव हिंडून अहवाल लिहू लागले. बडोद्याचा अहवाल १९१६ चा. इंदूरचा अहवाल १९१८ साली दोन खंडांत प्रसिद्ध झाला. पुढे १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे अध्यापन सुरू झाले, ते त्यांच्याच हातून.

गेड्स यांची रीत अशी की, नकाशावर रेघ ओढण्यापूर्वी गल्लीन्‌गल्ली पायी तुडवावयाची. हा म्हातारा साहेब हातात नकाशा घेऊन ज्या गल्लीत शिरे, त्या गल्लीतील लोक धास्तावत. नगरसुधारणा म्हणजे घरांवर कुदळ, एवढेच त्यांनी तोवर पाहिले होते. ही धास्ती घालविल्यावाचून कोणतीही योजना चालणार नाही हे ओळखून गेड्स यांनी दरबाराकडे एक विलक्षण मागणी केली: एका दिवसापुरती सत्ता आपल्या हाती द्यावी. ती मिळाली, आणि त्यांनी ती दिवाळीकरिता वापरली.

त्यांनी दवंडी पिटविली की, यंदाची मिरवणूक हिंदूंच्या वा मुसलमानांच्या नेहमीच्या वाटेने जाणार नाही. ज्या मोहल्ल्यांत घरे अधिक स्वच्छ, दुरुस्त आणि रंगविलेली दिसतील, त्या मोहल्ल्यांतून जाईल. कचरा फुकट उचलून नेण्याची व्यवस्था झाली. मग काय विचारता! मिरवणूक आपल्या दारावरून जावी म्हणून आळीआळीत चढाओढ लागली. वर्षानुवर्षांचे उकिरडे गाड्या भरभरून बाहेर गेले, उंदीर हजारोंनी पकडले गेले. मिरवणुकीत एकीकडे घाणीचा राक्षस आणि प्लेगचा प्रचंड उंदीर, तर दुसरीकडे लक्ष्मी आणि नगराची म्हणून कल्पिलेली नवी देवता. या सर्वांमध्ये शुभ्र वस्त्रे ल्यालेले, गळ्यात हार घातलेले सफाई कामगार आपले फुलांनी सजविलेले झाडू घेऊन चालत होते. मागोमाग पुढे बांधावयाच्या घरांच्या प्रतिकृती होत्या. राक्षस आणि उंदीर शेवटी जाळण्यात आले. लोकांना तुळशीची रोपे वाटण्यात आली.

आमचा धंदा वकिलीचा असल्यामुळे येथे एक नोंद करणे भाग आहे. ही हकिकत मुख्यतः खुद्द गेड्स यांच्या तोंडून आलेली आहे, आणि त्या दिवाळीनंतर प्लेग हटला हे त्यांचे म्हणणे साथीच्या नेहमीच्या चढउतारापासून वेगळे काढून सिद्ध करणे कठीण. हितसंबंधी साक्षीदाराची साक्ष जेवढ्यास तेवढी घ्यावी. परंतु तिच्यातील मर्म त्यामुळे जात नाही. मिरवणुकीचा मार्ग म्हणजे मान, आणि मान म्हणजे काय हे आमच्या समाजास निराळे सांगावे लागत नाही. पालखी कोणत्या आळीतून जावी यावरून पिढ्यान्‌पिढ्या फिर्यादी चाललेल्या आहेत. तो मान जन्माने वा वहिवाटीने न देता स्वच्छतेने मिळवावयास लावणे, आणि ज्यांना देवळाच्या पायरीपाशीही उभे राहू दिले जात नसे त्यांना मिरवणुकीत मानाने चालविणे, ही गोष्ट आम्हांस अहवालाच्या दोन्ही खंडांइतकीच मोठी वाटते.

अहवालाचा गाभा मात्र पाण्याचा आणि जमिनीचा आहे. त्या काळच्या इंजिनियरांचा कल असा की, मोठ्या खर्चाची भुयारी गटारे घालावीत आणि सारे मैलापाणी एकत्र करून दूर न्यावे. गेड्स यांना हे पटत नव्हते. संस्थानचा पैसा जमिनीखाली पुरून टाकावयाचा, घरे मात्र होती तशीच राहावयाची, आणि घाण एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी, बहुधा नदीतच, सोडावयाची, हा कसला व्यवहार? ती मातीस द्यावी, तिच्यावर बागा आणि भाजीमळे पिकवावेत, हा त्यांचा आग्रह. तळी-विहिरी बुजविण्यासही ते आपल्या अहवालांतून विरोध करीत. मलेरियाच्या भयाने त्या काळी जिकडेतिकडे तळी भरून टाकण्याची टूम निघाली होती. तळे घाण झाले असेल तर ते स्वच्छ करावे, त्यात मासे सोडावेत, असे त्यांचे उत्तर होते. गोमंतकातील ज्या वाचकांनी देवळापुढची तळी पाहिली आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. सारांश, घर कोठे बांधावे, विहीर कोठे राखावी आणि पाणी कोठे मुरू द्यावे, हे त्यांच्या लेखी तीन प्रश्न नव्हते, एकच होता.

याच इंदुरात १९२४ साली अल्बर्ट हॉवर्ड यांची वनस्पतिसंशोधन संस्था निघाली. शेतातील काडीकचरा आणि शेण यांपासून खत करण्याची जी पद्धत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते, ती येथे सिद्ध झाली, आणि तिच्यावरील १९३१ च्या ग्रंथावर हॉवर्ड यांच्या बरोबरीने यशवंत वाड या सहकाऱ्याचे नाव आहे. आमच्या मंडळींना हे नाव फारसे ठाऊक नसते.

पुढे जे झाले ते वेगळेच. विसाव्या शतकाच्या तिसाव्या दशकात गंभीर नदीवर यशवंतसागर बांधला गेला. १९५१ च्या खानेसुमारीत इंदूरची वस्ती तीन लाखांवर गेली, आणि तलाव पुरेनासे झाले. १९७० साली लोकांनी आंदोलन केले, आणि १९७८ मध्ये जलूदहून नर्मदेचे पाणी शहरात आले. सुमारे सत्तर किलोमीटरांची वाट आणि चारशे मीटरांहून अधिक चढ! नर्मदामैया घरी आली म्हणून लोकांनी आनंद केला, तो योग्यच होता. परंतु नळ आला आणि अंगणातील विहिरीचे मोल गेले. मोल उरले ते विहिरीखालच्या जमिनीचे. नद्यांची गतही तीच. खान आणि सरस्वती सांडपाणी वाहून नेण्याच्या कामी लागल्या.

कायद्याची घडणही या तुटीस पोषकच ठरली. जमिनीचा वापर ठरतो १९७३ च्या मध्य प्रदेश नगर तथा ग्राम निवेश अधिनियमाने. नळ आणि गटारे येतात १९५६ च्या नगरपालिक निगम अधिनियमाखाली. एक कचेरी नकाशावर पिवळा रंग देते, दुसरी वर्षांनंतर नळ टाकते, आणि मधल्या काळात शेतकऱ्याची जमीन तुकड्यांनी विकली जाते. माळव्यात ज्याला ‘डायव्हर्शन’ म्हणतात ती परवानगी असो वा नसो, प्लॉट पडतात, घरे उठतात, बोअर खणले जातात. मग ती कॉलनी अवैध ठरते, आणि काही वर्षांनी निवडणुकीच्या तोंडावर वैध होण्याच्या रांगेत उभी राहते. २०१४ मध्ये सभोवतालची 29 गावे महापालिकेच्या हद्दीत आली. हद्द एका अधिसूचनेने वाढते. जलवाहिनी तशी वाढत नाही.

गेड्स यांचे सर्व खरे होते असे आम्ही म्हणत नाही. वीस लाखांहून अधिक वस्ती असलेल्या शहराचे मैलापाणी परसबागांत जिरविता येणार नाही. भुयारी गटारे लागणारच. आणि २०१७ पासून स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणांत इंदूर वर्षानुवर्षे पहिले येत गेले, हा काही लहान पराक्रम नव्हे. त्यात घरोघरी ओला आणि सुका कचरा वेगळा करणाऱ्या गृहिणींचा वाटा मोठा आहे. रस्त्यावरची स्वच्छता आम्ही जिंकली. जमिनीखालचे पाणी मात्र त्या गुणपत्रिकेत नीटसे दिसत नाही.

३० मार्च २०२३ रोजी रामनवमी होती. इंदूरच्या पटेलनगर भागातील बेलेश्वर महादेव झुलेलाल मंदिरात हवन चालले होते. मंदिराची फरशी ज्यावर होती तो एका जुन्या बावडीवर टाकलेला स्लॅब होता. कॉलनी वसली, बाग झाली, बावडी झाकली गेली, आणि तिच्यावर देवाची स्थापना झाली. खाली पाणी आहे हे नव्या भाविकांपैकी अनेकांस ठाऊकही नसावे. स्लॅब खचला आणि भाविक बावडीत कोसळले. 36 माणसे मेली. बागेतील बांधकामासंबंधी महापालिकेची नोटीस आणि मंदिराच्या विश्वस्तांचे उत्तर, हा पत्रव्यवहार त्यापूर्वीच झालेला होता. नोटिशीत अतिक्रमणाचा प्रश्न होता, उत्तरात श्रद्धेचा.

पुढच्या चार-पाच दिवसांत प्रशासनाने तेथील बांधकाम पाडले, मूर्ती दुसऱ्या मंदिरात नेल्या, आणि बावडी भरून टाकली.