क्वार्क द्रव्यमाने व प्रबल युग्मनांक : जालक पद्धतीने निर्धारण

प्रोटॉन, न्यूट्रॉन, मेसॉन इ. कणांचे घटक असलेल्या क्वार्कांची द्रव्यमाने आणि त्यांना बांधून ठेवणाऱ्या प्रबल परस्परक्रियेची तीव्रता दर्शविणारा युग्मनांक ही मूलकणांच्या सिद्धांतातील मूलभूत प्रचले होत. त्यांची मूल्ये सिद्धांत सांगत नाही. ती प्रयोगाच्या आधारे काढावी लागतात. परंतु इलेक्ट्रॉनाप्रमाणे क्वार्क सुटा मिळत नसल्याने त्याचे द्रव्यमान सरळ मोजता येत नाही. अवकाश व काल यांच्या जागी बिंदूंचे जालक कल्पून संगणकाच्या साहाय्याने ही मूल्ये काढण्याची पद्धत १९७४ नंतर विकसित झाली.

पार्श्वभूमी : मरी गेल-मान व जॉर्ज त्स्वाइग यांनी १९६४ मध्ये स्वतंत्रपणे क्वार्कांची कल्पना मांडली. प्रबल परस्परक्रिया उच्च ऊर्जेस क्षीण होत जाते, असे डी. जे. ग्रॉस, एफ. विल्चेक व एच. डी. पोलिट्झर यांनी १९७३ मध्ये दाखविले. या कार्याबद्दल त्यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. उच्च ऊर्जेच्या आघातांचे गणित यामुळे शक्य झाले. परंतु प्रोटॉनाच्या आकारमानाएवढ्या अंतरावर युग्मनांक मोठा असल्याने तेथे ही रीत लागू पडत नाही. सममितीच्या विचाराने हलक्या क्वार्कांच्या द्रव्यमानांची गुणोत्तरे १९७०–८० या दशकात काढता आली, तरी प्रत्यक्ष मूल्ये फार अनिश्चित राहिली.

पद्धती : के. जी. विल्सन यांनी १९७४ मध्ये चतुर्मितीय जालकाची योजना मांडली. तीत क्वार्क बिंदूंवर, तर ग्लुऑन क्षेत्र बिंदूंना जोडणाऱ्या दुव्यांवर असते. यामुळे सिद्धांतास सांख्यिकीय यामिकीतील प्रणालीचे रूप येते व यदृच्छ नमुने घेऊन गणना करता येते. अशा गणनांचा पाया मायकेल क्रॉइट्स यांनी अमेरिकेतील ब्रुकहेवन येथे १९८० च्या सुमारास घातला. क्वार्कांची द्रव्यमाने प्रथम गृहीत धरून पाय व के या मेसॉनांसारख्या कणांची द्रव्यमाने काढतात आणि ती प्रयोगातील मूल्यांशी जुळेपर्यंत गृहीत मूल्ये बदलतात. एकदा ती ठरली की, इतर कणांची द्रव्यमाने भाकितांच्या रूपाने मिळतात व त्यांवरून पद्धतीची कसोटी लागते.

युग्मनांकासाठी एम. ल्यूशर, पी. व्हाइस व यू. वोल्फ यांनी १९९१ मध्ये निराळी युक्ती सुचविली. जालकाच्या पेटीचा आकारच मोजपट्टी मानून ती टप्प्याटप्प्याने लहान केली, तर कमी ऊर्जेपासून उच्च ऊर्जेपर्यंत युग्मनांकाचा माग घेता येतो.

एक मोठी त्रुटी : निर्वातात क्षणभर उत्पन्न होऊन नष्ट होणाऱ्या क्वार्क–प्रतिक्वार्क जोड्यांची गणना अतिशय खर्चिक असते. म्हणून सु. वीस वर्षे बहुतेक गणनांत त्या वगळीत असत. यातील चूक जपानमधील त्सुकुबा येथील गटाने उघड केली. जोड्या वगळल्यास स्ट्रेंज क्वार्काचे द्रव्यमान के-मेसॉनावरून सु. ११५ मेव्ह (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) व फाय-मेसॉनावरून सु. १४३ मेव्ह येई; दोन हलक्या क्वार्कांच्या जोड्या धरल्यावर २००० मध्ये दोन्ही उत्तरे ९० मेव्हच्या जवळ आली. एकाच राशीची दोन मूल्ये येण्याचे मूळ निसर्गात नसून गणनेत होते, हे यावरून स्पष्ट झाले.

निष्पत्ती : जगातील गणनांची छाननी करणाऱ्या ‘फ्लेवर लॅटिस ॲव्हरेजिंग ग्रुप’ या गटाच्या २०२१ च्या आढाव्यात, २,००० मेव्ह ऊर्जेस, अप क्वार्काचे द्रव्यमान २·१४, डाउनचे ४·७० व स्ट्रेंजचे ९३·४ मेव्ह दिले आहे. झेड बोसॉनाच्या द्रव्यमानाएवढ्या ऊर्जेस युग्मनांक ०·११८४ असून त्यातील अनिश्चितता ०·०००८ आहे.

या आकड्यांचे महत्त्व केवळ तांत्रिक नाही. अप क्वार्काचे द्रव्यमान शून्य असते, तर प्रबल परस्परक्रियेत विद्युत् भार व समता यांची संयुक्त सममिती का पाळली जाते, या कोड्याचा उलगडा झाला असता. जालक गणनांनी तो मार्ग बंद केला. डाउन क्वार्क अपपेक्षा जड असल्यामुळेच, विद्युत् परिणाम उलट दिशेने असूनही, न्यूट्रॉन प्रोटॉनाहून १·२९ मेव्हने जड आहे. हा फरक इलेक्ट्रॉनाच्या ०·५११ मेव्ह द्रव्यमानाहून कमी असता, तर हायड्रोजनाचा अणू स्थिर राहिला नसता. हा फरक मूळ सिद्धांतावरून काढण्यात २०१५ मध्ये यश आले.

प्रोटॉनाचे द्रव्यमान ९३८ मेव्ह असून त्यातील तीन क्वार्कांच्या द्रव्यमानांची बेरीज त्याच्या सु. एक टक्का भरते. उरलेले बव्हंशी क्वार्कांच्या गतीचे व ग्लुऑन क्षेत्राच्या ऊर्जेचे फलित होय. टॉप क्वार्क मात्र बद्ध अवस्थेत येण्यापूर्वीच क्षय पावत असल्याने त्याचे द्रव्यमान आघातकांवरील प्रयोगांतूनच काढतात.